एका यादीचे अनेक पहिले क्रमांक

धुळ्यातील एका ध्वनिमुद्रण स्टुडिओत मी नोकरी करतो. अहिराणी गाणी निरनिराळ्या ॲपवर चढवणे आणि त्यांच्या उत्पन्नाचा हिशेब निर्मात्यांना देणे हे माझे काम. लग्नसराई संपल्यावर काही निर्मात्यांनी ठरवले की अहिराणी गाण्यांचीही क्रमवारी निघावी आणि तिचे नियम मी सुचवावेत. म्हणून मी परदेशातील क्रमवाऱ्यांचे नियम मिळवले, वर्षभराच्या एकाच आकडेवारीला ते आळीपाळीने लावले आणि तयार झालेले तक्ते घेऊन अमळनेरच्या बैठकीला गेलो.

पहिला तक्ता साधा होता. यूट्यूबवर जे गाणे सर्वाधिक वेळा पाहिले गेले, ते वर. त्यात शिरपूरच्या एका तरुण निर्मात्याचे हळदीचे गाणे पहिले आले आणि त्याने लगेच चहा मागवला. मात्र यूट्यूबने 2019 च्या सप्टेंबरपासून पैसे देऊन केलेल्या जाहिरातीतून मिळणारी दर्शने आपल्या क्रमवारीतून वगळली आहेत. तोच नियम लावताच त्याचे गाणे बरेच खाली घसरले. ‘जाहिरातीतून का होईना, पण लोकांनी गाणे पाहिलेच ना?’ हा त्याचा प्रश्न मला अगदीच गैरलागू वाटला नाही. जपानमध्ये सीडीसोबत आवडत्या गायिकेला मत देण्याची चिठ्ठी मिळत असे, त्यासाठी एकेक चाहता ढिगाने सीडी घेई, आणि ओरिकॉन या तिथल्या विक्रीच्या यादीत ती सगळी विक्री म्हणूनच धरली जाई.

ब्रिटनमध्ये 2018 पासून वर्गणीदारांनी मिळून गाणे 100 वेळा ऐकले, किंवा फुकट ऐकणाऱ्यांनी 600 वेळा ऐकले, तर एक विक्री धरतात. आपल्याकडे फुकट ऐकणाराच अधिक. त्यामुळे या तक्त्यात सुरत, नाशिक, पुणे येथे नोकरीस गेलेल्या आणि ॲपची वर्गणी भरणाऱ्या मुलांचे आवडते गाणे वर आले, जे गावाकडे फारसे वाजलेही नव्हते. जर्मनीची अधिकृत यादी तर 2007 पासून नगांऐवजी विक्रीतून आलेल्या रकमेवर ठरते. ते तत्त्व लावल्यावर, कॉलर ट्यूनच्या उत्पन्नामुळे, कानबाई या खान्देशातील देवीचे एक गीत सर्वांच्या पुढे गेले. नाना नावाने ओळखले जाणारे आमचे ज्येष्ठ निर्माते तोपर्यंत गप्प होते. गीत त्यांचेच असल्याने त्यांना जर्मन शिस्त एकाएकी फार आवडू लागली.

अमेरिकेच्या ‘हॉट 100’मध्ये विक्री आणि ऐकणे यांच्याबरोबर रेडिओवरील वादनही मोजतात, ब्रिटनच्या मुख्य यादीत ते मोजत नाहीत. बीटीएस या कोरियन गायकगटाचे ‘डायनामाइट’ हे गाणे 2020 मध्ये अमेरिकेत पहिले आले, तर ब्रिटनमध्ये तिसऱ्या क्रमांकापर्यंतच पोहोचले. हा फरक केवळ नियमांचा आहे असे मी म्हणणार नाही, श्रोतेही वेगळे आहेत. पण दोन देशांच्या याद्या शेजारी ठेवून ‘तिकडच्यांची आवड अशी, इकडच्यांची तशी’ असे लिहिणाऱ्यांनी आधी काय मोजले आहे ते पाहावे. एका गायकाची तीनपेक्षा अधिक गाणी यादीत नसावीत हा नियम मात्र सहज मान्य झाला. 2017 च्या मार्चमध्ये एड शीरन या ब्रिटिश गायकाची 16 गाणी एकाच वेळी पहिल्या विसात शिरल्यावर ब्रिटनने तो केला होता.

इतक्यात पारोळ्याहून आलेले बँडमालक आप्पा म्हणाले, ‘भाऊ, वरातमा कोणतं गाणं वाजस, ते कोन मोजस?’

खोली शांत झाली, कारण खान्देशात गाणे चालते ते मुख्यतः बँड आणि डीजेवर, आणि त्याची नोंद माझ्या एकाही तक्त्यात नव्हती. मी सांगितले की ब्रिटनची पहिली यादी 14 नोव्हेंबर 1952 रोजी निघाली, तीही एका साप्ताहिकाच्या पर्सी डिकिन्स यांनी वीसेक दुकानांना दूरध्वनी करून जमवलेल्या माहितीवरून. त्यानंतर महिन्याभरातच रेडिओ सिलोनवर अमीन सायानींची बिनाका गीतमाला सुरू झाली. तिच्या क्रमवारीला पुढे रेकॉर्डविक्रीचे आकडे आणि श्रोत्यांची पत्रे यांचा आधार असे. तेव्हा तिन्ही जिल्ह्यांतील बँडमालकांना फोन करणे हा काही कमी दर्जाचा मार्ग नव्हता. बैठकीतूनच ओळखीच्या काही बँडवाल्यांना फोन लावले, तर आधीच्या कोणत्याही तक्त्यात वर नसलेले एक जुने गाणे पहिले निघाले. त्याचा निर्माता बैठकीला आलाच नव्हता.

मग वाद पेटला तो मोजणीवरून. नवरदेवाचे मित्र एकाच वरातीत तेच गाणे पुनःपुन्हा वाजवायला लावतात, तेव्हा ते एकदा धरायचे की प्रत्येक वेळी? आप्पांचे म्हणणे प्रत्येक वेळी, इतरांचे एकदाच. नानांनी तोडगा काढला की ज्या फर्माइशीला बक्षिसी मिळाली तेवढीच धरावी. म्हणजे जर्मन नियम त्यांनी मागच्या दाराने पुन्हा आत आणला होता, आणि हे शिरपूरच्या तरुणाच्या लक्षात येताच त्याने जोरदार हरकत घेतली. शेवटी एका वरातीत एका गाण्याला एकच नोंद, असे मी इतिवृत्तात लिहिले. आप्पांनी त्यावर सही केली नाही.