प्रयोगशाळेतील माकडांचा पिंजरा : सुरुवात कोठून करावी

ओळखीतील एक तरुण पशुवैद्य अलीकडे एका संशोधन संस्थेच्या प्राणिगृहात रुजू झाला आहे. मूळचा तासगावकडचा, शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालयाचा पदवीधर. गाई-म्हशींवर त्याचा हात चांगला बसलेला आहे, परंतु माकडांशी संबंध प्रथमच आला. सुट्टीत सांगलीला भेटायला आला तेव्हा त्याने विचारले, "सर, पिंजऱ्यात खेळणी टाकली आहेत, तरी एक नर दिवसभर गोल गोल फिरतो आणि स्वतःच्याच मांडीला चावे घेतो. आणखी काय टाकू?" माझी नोकरी अशाच एका प्राणिगृहात झाली असल्यामुळे त्याच्याशी बोलणे बरेच लांबले. त्यातील कामाचा भाग येथे लिहून ठेवतो.

माकडांवर प्रयोग व्हावेत की नाही हा वाद मोठा आहे आणि मी येथे त्यात शिरत नाही. भारताने ऱ्हिसस या उत्तर भारतातील लाल तोंडाच्या माकडांची निर्यात 1978 मध्ये बंद केली, तरी देशातील वापर थांबलेला नाही. 2020 मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत कोव्हॅक्सिनची चाचणी 20 ऱ्हिसस माकडांवर झाली होती. जोवर माकडे पिंजऱ्यात आहेत तोवर त्यांचे दिवस कसे जातात, याची जबाबदारी पिंजऱ्याची किल्ली बाळगणाऱ्यांवरच राहते. कायदाही तेच म्हणतो. 1960 चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आणि त्याखालील 1998 चे नियम आपल्याकडे आहेत; अमेरिकेने तर 1985 मध्ये कायद्यात दुरुस्ती करून वानरवर्गीय प्राण्यांचे मानसिक स्वास्थ्य जपणे संस्थांना बंधनकारक केले.

'आणखी काय टाकू' या प्रश्नाला माझे उत्तर असे की, आधी दुसरे माकड. ऱ्हिसस किंवा आपल्या घाटांतील लाल तोंडाचे माकड हे टोळीत जन्मणारे आणि टोळीतच मरणारे जनावर आहे. एकमेकांच्या अंगावरील केस विसकटून त्यातील कण वेचत बसण्यात त्यांचे तास जातात, आणि हे काम कोणतेही खेळणे करू शकत नाही. अमेरिकेतील विस्कॉन्सिनच्या प्रायमेट (माकडे-वानरे) संशोधन केंद्रात व्हिक्टर राइनहार्ट या पशुवैद्याने वर्षानुवर्षे एकटी ठेवलेली प्रौढ ऱ्हिसस माकडे जोडीने राहू शकतात हे दाखवून दिले. मात्र दोन माकडे एका पिंजऱ्यात सोडून दार लावून घेणे याला जोडी लावणे म्हणत नाहीत. प्रथम दोघांमध्ये जाळी ठेवायची आणि शांतपणे पाहत बसायचे. एक जण दात विचकून, नजर चुकवून मागे सरकू लागला आणि दुसऱ्याने ते मान्य केले, म्हणजे वरचढ कोण हे भांडणाशिवाय ठरले. ते ठरल्यावरच दोघांना एकत्र आणायचे, तेही दोघांपैकी कोणाच्याही मालकीच्या नसलेल्या नव्या पिंजऱ्यात. खाण्याच्या जागा दोन हव्यात, आणि एकमेकांच्या नजरेआड होता येईल असा आडोसाही हवा. सुळे मोठे असलेल्या प्रौढ नरांच्या बाबतीत अधिक सावध राहावे लागते. जोडी जमली नाही तर वेगळे करून दुसरा सोबती पाहावा. प्रयोगामुळे एकत्र ठेवता येतच नसेल, तर मधल्या भिंतीऐवजी हात जाईल इतक्या अंतराचे गज बसवून घ्यावेत.

त्या तरुणाच्या वरिष्ठांना भांडणाची आणि जखमांची भीती वाटते. ती भीती खोटी नाही. परंतु भांडणातील जखमेचे कारण रजिस्टरमध्ये सोबती म्हणून लिहिले जाते; एकट्या माकडाने स्वतःला घेतलेल्या चाव्याचे कारण एकटेपण म्हणून लिहिलेले मी क्वचितच पाहिले आहे.

दुसरी गोष्ट उंचीची. साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढताना कुत्रे भुंकले की कठड्यावरील माकडे काय करतात ते पाहावे : ती वर जातात. धोका दिसल्यावर वर जाणे हा त्यांचा स्वभाव आहे, आणि पिंजऱ्यात माणूस समोर उभा राहतो तेव्हा त्यांना वर जाता येत नाही. प्रयोगशाळेतील प्राण्यांच्या निगेसाठीच्या अमेरिकेच्या मार्गदर्शिकेनुसार 10 किलोपर्यंतच्या माकडाला सुमारे 0.4 चौरस मीटर जागा आणि 76 सेंटिमीटर उंची पुरेशी मानली जाते, म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातील ओट्याहूनही ठेंगणी. युरोपीय संघाने 2010 च्या निर्देशात मकाक माकडांसाठी (ऱ्हिसस याच गटातील) किमान उंची 1.8 मीटर ठेवली. एकावर एक पिंजरे रचलेल्या खोल्यांत खालच्या रांगेतील माकडांचे हाल अधिक होतात, कारण तेथे उजेड कमी असतो आणि प्रत्येक माणूस त्यांना वरून वाकून पाहतो. नवे पिंजरे मिळेपर्यंत निदान आडवी दांडी किंवा फळी तरी बसवावी, तीही शक्य तितकी उंच, परंतु वर बसलेल्या माकडाचे डोके छताला लागणार नाही आणि त्याची विष्ठा पाण्याच्या नळीवर पडणार नाही अशा बेताने.

खाण्याविषयी बोलताना मात्र तो तरुण खुलला, कारण हे काम त्याला स्वतःच्या हाताने करता येण्याजोगे होते. रानातील माकड दिवसाचा मोठा भाग शोधण्यात, सोलण्यात आणि वेचण्यात घालवते. पिंजऱ्यात तेच पोषण गोळ्यांच्या रूपाने काही मिनिटांत संपते आणि हात रिकामे राहतात. राइनहार्ट यांनी यावर साधा उपाय केला होता : खाद्याचा डबा नेहमीच्या भोकापासून थोडा सरकवून जाळीवर बसवला, म्हणजे तीच गोळी बोटांनी ढकलत आणि फिरवत जाळीतून काढावी लागते. पीव्हीसी पाइपाला भोके पाडून त्यात हरभरे भरले तरी असेच होते. माकड आधी पाइप हलवते, मग एका डोळ्याने भोकात पाहते, तर्जनी आत घालून नखाने दाणा कडेला आणते आणि तो निसटला की पाइप उलटा करून पुन्हा सुरुवात करते. लाकडी भुशाच्या थरात धान्य पसरण्याचाही उपयोग होतो. 1982 च्या एका प्रसिद्ध अभ्यासात अशा थरामुळे माकडांतील भांडणे कमी झाल्याचे दिसले होते.

आपल्या भागात सालासकट उसाचे कांडे, पाल्यासकट मक्याचे कणीस, चिंचा यांना तोटा नाही. प्रयोगात साखर चालते का हे आधी विचारावे. भुईमुगाच्या शेंगांना बुरशी नाही याची खात्री करावी, आणि तासगावच्या द्राक्षबागांतील छाटणीच्या काड्या फुकट मिळतात म्हणून आणू नयेत, कारण त्यांच्यावर किती फवारण्या झालेल्या असतात हे आपण सर्व जण जाणतो. दोर हवा असेल तर काथ्याचा घ्यावा आणि त्याला फास बसेल असा लांब सोडू नये. नायलॉनचे सुटे धागे बोटाला आवळतात. खेळण्यांचे आकर्षण लवकर ओसरते, म्हणून ती फिरती ठेवावीत. पाहणीला आलेल्या समितीला ती चटकन दिसतात, हा त्यांचा मोठा गुण आहे असे मला कधी कधी वाटते.

शेवटचा विषय रक्त काढण्याचा. मागची भिंत पुढे ओढून माकडाला दाबून धरण्याची पद्धत अजून सर्रास चालते. त्याऐवजी त्याला पाय पुढे करायला शिकवता येते. पायाला नुसता स्पर्श होऊ दिला की एक बेदाणा, पाय गजांबाहेर आला की बेदाणा, सुईऐवजी बोट टेकवले तरी पाय मागे घेतला नाही की पुन्हा बेदाणा. राइनहार्ट यांच्या चमूने 1990 मध्ये दाखवले की, स्वतःच्या पिंजऱ्यात असे शिकवलेल्या माद्यांमध्ये कॉर्टिसोल हे तणावाचे संप्रेरक जखडून धरलेल्या माद्यांसारखे वाढत नाही. म्हणजे संशोधकाला मिळणारा आकडाही अधिक भरवशाचा असतो. ऱ्हिसस माकडांत आढळणारा बी विषाणू माणसाच्या जिवावर बेतू शकतो, त्यामुळे मुखकवच आणि हातमोजे येथेही सुटत नाहीत.

या शिक्षणाला माणूस तोच लागतो. माकड चेहरा, चाल आणि आवाज ओळखते, आणि आपल्याकडे तर कंत्राटी अटेंडंट काही महिन्यांत बदलले जातात. म्हणून मी त्याला सांगितले की, बेदाण्यांची मागणी करण्यापूर्वी एका अटेंडंटची नेमणूक त्याच खोलीवर कायम ठेवण्याचा आणि त्याच्या कामाच्या तक्त्यात प्रशिक्षणाची वेळ लेखी घालण्याचा अर्ज संस्थेतील प्राणिप्रयोगांना मंजुरी देणाऱ्या प्राणी नीतिमत्ता समितीपुढे ठेव.