मनगटापुरता समुद्र

घड्याळवाल्यांच्या लेखी माणसांची दोनच मापं असतात, जेंट्स आणि लेडीज. काउंटरच्या या टोकाला 42 मिलिमीटरची जेंट्स, त्या टोकाला 26-28 मिलिमीटरची लेडीज, आणि मधे कॅल्क्युलेटर. याउलट कासाराकडे बघा. तो आपला हात हातात घेतो, अंगठ्याच्या बुडाशी जरा दाबून बघतो आणि काही न विचारता बरोबर मापाचा जोड पुढे करतो. दोन-दोन, दोन-चार, दोन-सहा, दोन-आठ. दोन मापांतला फरक किती, तर इंचाचा आठवा भाग, म्हणजे तीनेक मिलिमीटर. तेवढ्यासाठी तो वेगळी माळ टांगून ठेवतो. घड्याळवाले मात्र 28 वरून थेट 42 वर उडी मारतात, आणि मधल्या दरीत माझ्यासारख्या दोन-दोनवाल्या बायका पडलेल्या असतात.

त्यातून मला आवडतं डायव्हिंगचं घड्याळ. म्हणजे दुखणंच.

तुम्ही डायव्हिंग करता का, असं लोक विचारतात. नाही. समुद्राच्या पोटात मी शिरले ती तारकर्लीला, आणि तिथल्या हौशी स्कूबात आपल्याला वेळ बघायचं कामच नसतं. मागून सिलेंडर धरून ठेवलेला मालवणी मुलगा आपली वेळ, खोली आणि धीर हे तिन्ही सांभाळत असतो. खरे डायव्हर तरी आता कुठे घड्याळावर विसंबतात? त्यांच्या हातात वेळ आणि खोली मोजणारा डाइव्ह कॉम्प्युटर असतो. काट्यांचं घड्याळ असलंच, तर ते पर्यायी म्हणून.

मग कशाला हवं? एक तर चाळिशी लागली. लेडीज घड्याळात आकडे नसतात, काडीएवढे दोन सोनेरी काटे असतात आणि तबकडीही सोनेरी. वेळ बघायला आधी चष्मा शोधायचा. डायव्हिंगच्या घड्याळाची तबकडी गढूळ पाण्यात घाबरलेल्या माणसालाही वाचता यावी म्हणून बेतलेली असते. काळ्यावर पांढरे ठसठशीत ठिपके, जाड काटे, आणि दिवे गेले तरी ते सगळं हिरवट चमकतं. ज्या आंतरराष्ट्रीय मानकावर ही घड्याळं तपासली जातात, आयएसओ 6425, त्यात अटच आहे की अंधारात 25 सेंटिमीटरवरून वेळ वाचता आली पाहिजे. चाळिशीतल्या बाईच्या सोयीची एवढी काळजी दुसऱ्या कुठल्या मानकात घेतलेली मला दिसली नाही. शिवाय भांडी घासताना काढून खिडकीत ठेवायला नको, पावसात रुमालात गुंडाळायला नको. नाजूक लेडीज घड्याळावर मागे 30 मीटर असं लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ हात धुताना उडालेले शिंतोडे चालतील, एवढाच. पोहायचं तर 100 मीटर तरी हवं.

आता कोणी म्हणेल, समुद्राला टक्कर द्यायची तर घड्याळ दणकट, पर्यायाने मोठं असणारच. मलाही तसं वाटायचं. पण जुनी घड्याळं बघा. रोलेक्सचं सबमरिनर 1953 मध्ये आलं, तेव्हा त्याचा व्यास जेमतेम 37-38 मिलिमीटर होता. आज ते 41 चं आहे, आणि त्या एकाच मापात मिळतं. सेकोचं 1965 मधलं पहिलं जपानी डायव्हर, 150 मीटर खोलीचं, तेही 37-38 च्याच घरातलं. अपवाद होते. इटालियन नौदलाच्या डायव्हरांची पानेराई 47 मिलिमीटरची होती आणि ब्लाँपाँ या स्विस कंपनीचं फिफ्टी फॅदम्स, तेही 1953 चंच, सुमारे 42 चं. पण पानेराईसारखी अवाढव्य घड्याळं साध्या लोकांच्या मनगटावर चढली ती 1990 च्या दशकात. पाण्याखालचा दाब त्या आधीही तेवढाच होता.

उलट दाबाचं गणित लहान घड्याळाच्या बाजूचं आहे. दर 10 मीटरला एक वातावरणाचा दाब वाढतो. 200 मीटरवर काचेच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर जवळपास 20 किलो जादा भार, आणि मानक म्हणतं की लिहिलंय त्याच्या सव्वापट दाबाला घड्याळ टिकवून दाखवा. काचेचा व्यास जितका लहान, तितकी ती त्या दाबाखाली कमी वाकते. त्यामुळे लहान घड्याळाला पातळ काचही पुरते. 200 मीटरचं घड्याळ बारीक मनगटासाठी बनवता येत नाही, असं भौतिकशास्त्र कधीच म्हणालं नव्हतं. म्हणाला तो विक्री विभाग.

ब्लाँपाँची गोष्ट तर मला फारच आवडते. फिफ्टी फॅदम्स निघालं तेव्हा कारखान्याच्या मालकीणबाई होत्या बेटी फिश्टर. सोळाव्या वर्षी तिथे कामाला लागल्या आणि 1933 मध्ये एका सहकाऱ्याबरोबर तो कारखाना विकतच घेतला. डायव्हिंगच्या घड्याळाची कल्पना त्यांच्या भाच्याची, जाँ-जाक फिश्टर यांची. त्यांना पाण्याखाली वेळेचं भान राहिलं नाही आणि हवा संपत आली, त्यातून हे घड्याळ सुचलं. आणि याच कारखान्याने 1956 मध्ये बायकांसाठी काय काढलं? लेडीबर्ड. आतलं यंत्र 12 मिलिमीटरच्या आतबाहेर, त्या काळचं सगळ्यात छोटं गोल यंत्र. कारागिरी थक्क करणारी आहे, प्रश्नच नाही. पण एकाच छताखाली, एका बाईच्या कारभारात, समुद्र भाच्याकडे गेला आणि दागिना बायकांकडे.

बायका तेव्हा पाण्यात नव्हत्या असंही नाही. कोरियाच्या जेजू बेटावरच्या हेन्यो कितीतरी पिढ्या नळी-सिलेंडर काही न घेता, मिनिटभर श्वास रोखून, दहा मीटर खाली जाऊन शिंपले काढतात. 2016 मध्ये युनेस्कोनेही त्यांची नोंद घेतली. जपानच्या किनाऱ्यावरच्या आमा त्याच जातकुळीतल्या. अमेरिकी समुद्रशास्त्रज्ञ सिल्व्हिया अर्ल तर 1970 मध्ये पाच बायकांच्या तुकडीची प्रमुख होऊन कॅरिबियन समुद्राच्या तळाशी दोन आठवडे राहिल्या. 1979 मध्ये हवाईजवळ 381 मीटर खोल तळावर चिलखती पोशाखात चालून आल्या. म्हणजे गिऱ्हाईक होतं. दुकानदाराला दिसत नव्हतं.

आता लेडीज डायव्हर मिळतात म्हणा. पण बऱ्याचशा कशा? काचेभोवती मिनिटं मोजायची फिरती कडा आहे, पण ती फिरत नाही. तबकडी शिंपल्याची, आकड्यांच्या जागी खडे. सिटिझनची प्रोमास्टर मालिका यातून सुटली, तिच्यात 36-37 मिलिमीटरचं, उजेडावर चालणारं, खरोखर 200 मीटरचं घड्याळ बायकांसाठी आहे. ट्यूडरने 2023 मध्ये 37 मिलिमीटरचं ब्लॅक बे 54 काढलं आणि आपल्या 1954 च्या घड्याळाचं माप जसंच्या तसं परत आणलं. ते नुसतं बघून घ्यायचं. किंमत ऐकली की हवा तशीही संपते.

घेताना मी एक शिकले. व्यासावर जाऊ नये. पट्टा अडकतो त्या वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंतचं अंतर, ज्याला हौशी मंडळी लग-टू-लग म्हणतात, ते मोजावं. मनगटाच्या वरच्या सपाट भागापेक्षा ते जास्त असलं, की टोकं दोन्हीकडून बाहेर लोंबतात आणि पट्टा हवेत राहतो. 40 चं आखूड टोकांचं घड्याळ हातावर छान बसेल आणि 37 चं लांब टोकांचं बसणार नाही. जाडीही बघावी. बारीक हातावर जाड घड्याळ डोकं जड झाल्यासारखं एका बाजूला कलंडतं आणि दिवसभर त्याला सरळ करत बसावं लागतं.

माझं सेकोचं एसकेएक्स 013. व्यास 38, टोकापासून टोकापर्यंत साधारण 44. त्याचा 42 मिलिमीटरचा मोठा भाऊ, 007, जगभर गाजला. हा धाकटा दुर्लक्षितच राहिला. पण पोटातलं यंत्र तेच आणि खोलीही तीच, 200 मीटर. याची चावी तीनच्या जागी नाही, चारच्या जवळ आहे. हात मागे वाकवला, उदाहरणार्थ पोळपाटावर जोर देताना, की तीनच्या जागची चावी मनगटाच्या हाडाशी रुतते आणि तिथे लाल खूण उठते. चारच्या जवळची रुतत नाही. रबरी पट्टा मात्र वेटसूटवरून बांधण्यासाठी केलेला, त्यामुळे माझ्या हाताला वेढा घालूनही बोटभर शेपूट उरायचं. कोपऱ्यावरच्या घड्याळजींनी ते ब्लेडने कापलं, टोच्याने आत दोन भोकं पाडली आणि 'सासऱ्यांचं आहे का?' असं विचारलं.

कडेचं म्हणाल तर ती एकाच दिशेने फिरते, टकटक करत, पूर्ण फेरीला 120 वेळा. कारण असं की खडकाला धक्का लागून ती सरकलीच, तर वेळ जास्त गेली असं दाखवेल आणि डायव्हर लवकर वर येईल. जिवाला धोका नाही. या तत्त्वाचा मी स्वयंपाकघरात वापर करून पाहिला. कुकरला उपयोग शून्य, कारण आपण शिट्ट्या मोजणारी माणसं. पण उकडीच्या मोदकांना उत्तम. भांड्यावर झाकण ठेवलं की कडेवरचा त्रिकोण मिनिटकाट्यासमोर आणायचा आणि बारा मिनिटांनी झाकण काढायचं. पिठाच्या हाताने फोन उघडावा लागत नाही, आणि पीठ लागलंच तर घड्याळ सरळ नळाखाली.

हे सगळं बायकांचं म्हणून सांगतेय, पण बारीक मनगटाचे पुरुष आपल्याकडे काय कमी आहेत? ते बोलत नाहीत इतकंच. माझ्या भाच्याने पहिल्या पगारातून 45 मिलिमीटरचं एक धूड घेतलं होतं. शर्टाची बाही त्यावरून खाली येत नसे, म्हणून ऐन मे महिन्यात बाह्या दुमडून फिरायचा आणि ती स्टाइल आहे असं सांगायचा. गणपतीत आमच्याकडे आला तेव्हा टेबलावरचं माझं घड्याळ त्याने सहज हातात घातलं, आरशात पाहिलं, मनगट उलटसुलट केलं.

"मावशी, हे लेडीज आहे का?"

"लोक याला मिड-साइज म्हणतात."

"मग ठीक आहे," म्हणाला, आणि घालूनच गेला. मी दुसरं शोधतेय. पण ते मॉडेल आता बंद झालंय, आणि ज्या धाकट्याला कोणी विचारत नव्हतं, त्याचे भाव आता विकणाऱ्यांनी चढवून ठेवलेत.