नेपियर आणायला राहुरीला गेलो आन येताना हिवरे बाजार बघून आलो

दसरा झाल्यावर मी आन चुलतभाऊ दहिवडीहून पहाटे ४ ला पिकअप घेऊन निघालो, काम एकच, राहुरी कृषी विद्यापीठातनं फुले जयवंतचं, म्हणजे चाऱ्याच्या नेपियर गवताच्या एका जातीचं, बेणं आणायचं. ३ गाया, २२ शेळ्या, आन दरवर्षी मे महिन्यात कडब्यासाठी लोकांच्या दारात उभं राहायचं, वैताग आलेला.

जायच्या आधी फोन करून बेणं आहे का विचारा. आम्ही तसंच गेलो, दीड तास नुसतं बसून. पण तिथल्या एका मामांनी हातात कांडी धरून दाखवलं, ३-४ महिन्याच्या ताटाची, २ डोळ्यांची, एक डोळा मातीत एक वर, जरा तिरकी लावायची. ३ बाय २ फुटावर एकरी ७ हजाराच्या वर कांड्या लागतात, हा हिशेब घरूनच करून जावा, आम्हाला अर्ध्या एकराच्याच मिळाल्या. पहिली कापणी २-अडीच महिन्यांनी, पुढं दीड-दोन महिन्याला, वीतभर बुडखा ठेवून. नुसतं नेपियर नका घालू, जोडीला लसूणघास (चाऱ्याचं द्विदल पीक) पाहिजेच, फक्त दव असताना रिकाम्या पोटी दिला की पोट फुगतं, आमची एक शेळी अशीच गेलीय.

येताना नगरहून वाट वाकडी करून हिवरे बाजार. पोपटराव पवारांच्या गावाची चराईबंदी ऐकून होतो, डोंगरावर जनावर सोडायचं नाही, गवत विळ्यानं कापून घरी आणायचं. मनात म्हणलं, मग शेळीवाल्यानं काय करायचं? तिथल्या एका म्हाताऱ्या आजोबांनी मारवेल, पवना ही गवतं उपटून दाखवली आन म्हणले, "जनावर गोड गवत आधी खातं, त्याचं बी पडायच्या आतच संपतं, मग मागं राहती कुसळी." आमच्या माळावर तेच तर आहे, शेळ्यांच्या तोंडात कुसळं आन आपल्या पायमोज्यात कुसळं, आम्ही इतकी वर्षं पावसाला शिव्या देत होतो.

गवत बघायचं तर दसरा-दिवाळीतच जा, उन्हाळ्यात जाऊन काय दिसणार. आन गाडीत कांड्यांवर ओलं पोतं टाका, आमचा वरचा थर घरी येईपर्यंत वाळला.

आता १० गुंठं माळाला बाभळीच्या काट्यांचं कुंपण केलंय, शेळ्या रोज तिथंच जाऊन उभ्या राहतात आन आई माझ्याकडं बघती.