पोस्ट-हॉक पॉवर मागणाऱ्या रिव्ह्यूअरला दिलेलं उत्तर

जर्नलने आमचा पेपर मोठे बदल करून परत मागितला होता. त्या मेजर रिव्हिजनच्या मेलमधल्या भाषा, संदर्भ, तक्त्यांची मांडणी असल्या कमेंट्स भराभर उरकल्या. सगळं अडलं ते दुसऱ्या रिव्ह्यूअरच्या एका मागणीवर: फरक सिग्निफिकंट (निव्वळ योगायोगाने सहसा न दिसणारा) नाही, तर पोस्ट-हॉक पॉवर काढून दाखवा. पॉवर म्हणजे फरक खरोखर असेल तर तो अभ्यासात सापडण्याची शक्यता, आणि पोस्ट-हॉक म्हणजे ती अभ्यासानंतर काढलेली.

ती ओळ आठवली की अजून चिडचिड होते. मागणी वरवर रास्त वाटते, म्हणूनच ती परतवणं कठीण. अभ्यास संपल्यावर हाती आलेल्या फरकावरूनच पॉवर काढली, तर ती पी-व्हॅल्यूचंच (खरा फरक नसतानाही इतका किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता) दुसरं रूप असते. साध्या टू-साइडेड झेड टेस्टमध्ये पी बरोबर ०.०५, म्हणजे सिग्निफिकंटच्या नेहमीच्या सीमेवर, आली, की ही पॉवर सुमारे ५० टक्के निघते. पी त्याहून मोठी, तर पॉवर आणखी कमी. म्हणजे सिग्निफिकंट नसलेल्या प्रत्येक निकालावर ‘पॉवर कमी पडली’ हाच शेरा बसणार, नवं काहीच कळणार नाही. होनिग आणि हायसी यांनी ‘द अमेरिकन स्टॅटिस्टिशियन’मध्ये २००१ सालीच हे मांडलंय, तरी मागणी होतच राहते.

सहलेखक म्हणाले, “देऊन टाक ना आकडा, वाद कशाला?” त्यांची घाई मला समजत होती. पण पेपरवर नाव आपलं असतं आणि तो आकडा कायमचा छापला जातो. मी नाही म्हटलं.

नुसता नकार मात्र पाठवला नाही. रिव्ह्यूअरची मूळ शंका, नमुना पुरेसा होता का, ही खरी होती. तिचं उत्तर दिलं: सॅम्पल साइझ आधी कशावरून ठरवला, किती फरक महत्त्वाचा मानला, आणि ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटर्व्हलमध्ये (खरा फरक कुठून कुठपर्यंत असू शकतो, त्याचा अंदाजी पट्टा) तेवढा फरक बसतो का. तो बसत होता, म्हणजे महत्त्वाचा फरक नाकारता येत नव्हता. म्हणून ‘फरक नाही’ऐवजी ‘या नमुन्यावरून ठरवता येत नाही’ असं लिहिलं. संदर्भ जोडला, एडिटरच्या पत्रातही दोन ओळींत कारण दिलं. शेवटी निर्णय एडिटरचा असतो, रिव्ह्यूअर फक्त शिफारस करतो. उत्तर एक रात्र बाजूला ठेवून सकाळी पुन्हा वाचलं आणि मगच पाठवलं. तुम्हीही तसंच करा.

बाकी, प्रत्येक कमेंट जशीच्या तशी उतरवून तिच्याखालीच उत्तर आणि बदललेलं वाक्य द्या. पान आणि ओळ सांगताना ती ट्रॅक चेंजेसच्या (बदल खुणा करून दाखवणाऱ्या) प्रतीतली की स्वच्छ प्रतीतली, तेही लिहा. दोन्हींत ओळी सरकतात. दोन रिव्ह्यूअर परस्परविरुद्ध बोलत असतील, तर एकाचं ऐकल्याचं कारण दोघांनाही दिसू द्या.

दुसऱ्या फेरीत त्याच रिव्ह्यूअरने कॉन्फिडन्स इंटर्व्हल तक्त्यातही मागितले. ते मी आनंदाने दिले. पॉवरचा विषय पुन्हा निघाला नाही.

आणि हो, मुदत अपुरी वाटली तर ती संपण्याआधीच एडिटरला मेल करा. नंतर कधीकधी पेपर नवा म्हणून पाठवावा लागतो.