कुंभार्ली घाट आणि टायरवरचे चार आकडे

गणपती विसर्जनानंतरच्या शनिवारी, म्हणजे ३० सप्टेंबर २०२३ रोजी, आम्ही दोघी मायलेकी साताऱ्याहून मोटरसायकलने गुहागरला निघालो आणि सोमवारी परत आलो. सुरूच्या बनातून समुद्र पाहिला, व्याडेश्वराचे दर्शन घेतले, दोन्ही रात्री एका घरगुती खाणावळीत सोलकढीसह पोटभर जेवलो. या सगळ्यावर काही लिहावे असे मला एकदाही वाटले नाही. आज लिहायला बसले आहे ती कुंभार्ली घाटातल्या एका वळणामुळे आणि त्यानंतर शिरगावजवळ पंक्चरच्या एका दुकानात जे समजले त्यामुळे. जुनी गाडी सांभाळणाऱ्या प्रत्येकाने ते वाचावे अशी माझी मनापासून इच्छा आहे.

आमची गाडी म्हणजे १९८९ सालची साडेतीनशेची बुलेट स्टँडर्ड. मद्रासजवळच्या तिरुवोत्तियूर कारखान्यातून आलेली, बिडाच्या इंजिनाची, चार गिअरची, उजव्या पायाने गिअर आणि डाव्या पायाने ब्रेक असलेली. बाबांनी ती नवी घेतली होती आणि २०११ साली गुडघे दुखू लागल्यावर माझ्या हवाली केली. ती सुरू करण्याची रीत त्यांनीच मला शिकवली. किल्ली फिरवायची, किक हळूहळू दाबत ॲमीटरच्या, म्हणजे विजेचा प्रवाह दाखवणाऱ्या मापकाच्या, काट्याकडे पाहायचे, काटा मध्यावर आला की सिलिंडरमधला दाब सोडणारी डीकॉम्प्रेशनची कळ दाबून किक किंचित पुढे सरकवायची, मग कळ सोडून शांतपणे पूर्ण किक मारायची. काटा मध्यावर येतो याचा अर्थ ठिणगीची वीज जोडणारे-तोडणारे पॉइंट उघडले आणि पिस्टन दाबाच्या टोकाशी पोहोचला. गाडी आपल्या आतले असे दाखवते आणि आपण ते वाचून पाऊल उचलतो, हे मला या जुन्या यंत्राचे सर्वांत मोठे सुख वाटते.

देखभालीच्या बाबतीत मी स्वतःला काटेकोर समजत होते. पॉइंटांमधली फट ०.३५ ते ०.४० मिलिमीटरच्या दरम्यान आहे ना, हे मी पट्टी घालून पाहते. इंजिन थंड असताना टॅपेटचे झाकण उघडून पुशरॉड, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्या, बोटांनी सहज फिरतात की नाही ते तपासते. इंजिनाचे तेल वेगळे आणि गिअरबॉक्सचे वेगळे, हे कधी विसरत नाही. निघण्याच्या आदल्या दिवशी साखळीचा ताण पाहिला, प्लग घासला, क्लचच्या तारेला तेल सोडले, दोन्ही चाकांत हवा भरली आणि टायरांची नक्षी पाहिली. मागच्या टायरची नक्षी अर्ध्याहून अधिक शिल्लक होती. तो टायर मी दोनच वर्षांपूर्वी, २०२१ मध्ये, एका मोठ्या शहरातल्या दुकानातून नवा म्हणून घेतला होता आणि त्यावर जेमतेम साडेतीन हजार किलोमीटर धावले होते. त्यामुळे टायरची चिंता माझ्या मनाला शिवलीसुद्धा नाही.

उंब्रजहून पाटणकडे वळेपर्यंतचा प्रवास महामार्गाच्या गोंगाटात गेला. पाटणच्या पुढे मात्र उतारांवर सोनकी आणि तेरडा फुललेला होता, कोयनानगरच्या आसपास ढग रस्त्यावर उतरले होते आणि हेळवाक सोडेपर्यंत पावसाची बारीक भुरभुर सुरू झाली. घाट उतरताना मी वेग तीसच्या वर जाऊ दिला नाही. एका डाव्या वळणावर, जिथे वरच्या झाडांचे पाणी दिवसभर रस्त्यावर ठिबकत राहते, मी वळणात शिरल्यावर तिसऱ्यावरून दुसऱ्या गिअरमध्ये आले. गिअर वळणाच्या आधीच बदलायला हवा होता. ही चूक माझीच. इंजिनाने मागचे चाक आवळून धरले आणि त्याच क्षणी ते चाक वीतभर बाहेर सरकले.

आम्ही पडलो नाही. चाक सरकले, पुन्हा धरले, गाडीने एक हिसका दिला आणि ती सरळ झाली. मोजायला गेले तर दोन सेकंदांचा प्रकार. परंतु त्या दोन सेकंदांत माझ्या मुलीच्या हातांची मिठी माझ्या कमरेभोवती एकदम घट्ट झाली आणि ती एक शब्दही बोलली नाही. घाटाच्या कडेला दगडी कठडा होता, त्यापलीकडे धुके होते. पुढच्या रुंद जागी गाडी उभी करून मी हातमोजे काढले, तेव्हा बोटे थरथरत होती. पावसाला, शेवाळाला, स्वतःच्या गिअर बदलण्याला मी दोष दिला. टायरला दिला नाही.

पुढे गाडी अधिकच सांभाळून घेतली. पोफळी मागे पडल्यावर सपाटीवर मागचे चाक डुलू लागले. खिळा घुसला होता. तो खिळा घुसला नसता तर मी टायरकडे पाहिलेच नसते आणि परतताना त्याच घाटातून, त्याच टायरवर, मुलीला मागे बसवून वर चढले असते. हा विचार अजूनही अस्वस्थ करतो.

दुकान म्हणजे पत्र्याचे छप्पर, पाण्याचे टीप, कॉम्प्रेसर आणि भिंतीला टांगलेल्या जुन्या ट्यूब. मालक सत्तरीच्या जवळचे असावेत. त्यांचा नातू त्यांना चाचा म्हणत होता, म्हणून मीही चाचाच म्हणाले. त्यांनी चाक काढले, पान्यांनी टायरची कड उचलली, ट्यूब बाहेर ओढून पाण्यात बुडवली, बुडबुडे पाहून खडूने खूण केली. ठिगळ बसेपर्यंत सगळे नेहमीसारखेच चालले होते. मग आतून खिळ्याचे टोक शोधण्यासाठी त्यांनी टायरमध्ये हात फिरवला आणि तिथेच थांबले. टायर दोन्ही हातांनी वाकवून त्यांनी उजेडाकडे धरला.

“ताई, हा कधी घातलात?”

“दोन वर्षे झाली, चाचा. नवाच घेतला होता.”

“घातला दोन वर्षांपूर्वी असेल. पण नवा नव्हता.”

त्यांनी माझ्या मुलीला जवळ बोलावले. टायर वाकवल्यावर त्याच्या कुशीवर केसाएवढ्या बारीक भेगा उघडत होत्या आणि सोडला की मिटत होत्या. सरळ उभ्या टायरवर त्या दिसणे शक्यच नव्हते. मग त्यांनी नक्षीच्या एका गोटीवर अंगठ्याचे नख रोवायला सांगितले. नख उमटले नाही. शेजारी पडलेल्या एका स्कूटरच्या नव्या टायरवर नख रोवून पाहिले, तर तिथे लगेच बारीक चंद्रकोर उमटली. शेवटी फडक्याने कड पुसून आणि मोबाईलचा उजेड पाडून त्यांनी लांबट चौकटीतले चार आकडे दाखवले. दोन, दोन, एक, चार. पहिले दोन आकडे आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. म्हणजे हा टायर २०१४ च्या बाविसाव्या आठवड्यात तयार झालेला होता. मी तो विकत घेतला तेव्हाच तो सात वर्षांचा होता आणि त्या दिवशी नऊ वर्षे उलटून गेली होती. आकड्यांची बाजू साखळीकडे बसवलेली असल्यामुळे दोन वर्षांत ते कधी माझ्या नजरेला पडलेच नाहीत, आणि पडले असते तरी त्यांचा अर्थ मला ठाऊक नव्हता.

दुकानात कागदात गुंडाळून ठेवलेला टायरसुद्धा म्हातारा होतो, हे मला चाचांनी समजावले. रबर मऊ ठेवणारे तेल त्यातून हळूहळू निघून जाते, हवा आणि उष्णता त्याला कडक करतात, उन्हात हे आणखी लवकर घडते. कोरड्या, तापलेल्या डांबरावर कडक टायरही बरा चालतो आणि म्हणून आपली फसगत होते. ओल्या रस्त्यावर मात्र रबराने खडीच्या बारीक खाचांत दबून बसायला हवे, तिथे कडक रबर वरच्या वर राहते. रोज पन्नास किलोमीटर पळणाऱ्या गाडीचा टायर म्हातारा होण्याआधीच गोटा होतो, त्यामुळे त्या चालकाला वर्ष पाहण्याची वेळ सहसा येत नाही. आमच्यासारख्या जुन्या गाड्या वर्षाला दीड-दोन हजार किलोमीटर धावतात. त्यांच्या टायरची नक्षी शाबूत राहते आणि रबर आधीच मरते. महिन्यामहिन्याला नक्षी पाहून मी जे समाधान मानत होते ते चुकीच्या गोष्टीवर मानत होते, ही कबुली द्यायला मला जड जाते. पण ती दिलीच पाहिजे.

ज्या दुकानदाराने सात वर्षे पडून असलेला टायर नव्याच्या किमतीला माझ्या हातात दिला त्याच्याविषयी माझ्या मनात आजही राग आहे. कदाचित तो आकारच कोणी मागत नसेल आणि म्हणून तो तसाच पडून राहिला असेल. पण विकताना वर्ष सांगणे त्याला अवघड नव्हते.

चाचांनी ठिगळाचे शंभर रुपये घेतले, वर चहा पाजला आणि ठामपणे एक गोष्ट सांगितली. “चिपळूणपर्यंत तुम्ही एकट्या जा, चाळीसच्या वर नको. पोरीला एसटीत बसवा.” अर्ध्या तासाने कऱ्हाडहून आलेली चिपळूण गाडी हात करून थांबवली. मुलगी खिडकीशी बसली. शिरगावपासून चिपळूणपर्यंत शक्य तितका वेळ मी त्या लाल बसच्या मागे राहिले. काचेतून तिचे डोके दिसत होते. माझ्या मागची रिकामी सीट मला त्या दिवसाइतकी मोकळी कधीच वाटली नव्हती आणि त्या मोकळेपणाने मला मोठा धीर दिला.

चिपळुणात दुसऱ्याच दुकानात आमच्या मापाचा टायर मिळाला. माप ३.२५-१९, म्हणजे सव्वातीन इंच रुंदी आणि एकोणीस इंची रिम. आमच्या गाडीच्या पुढच्या आणि मागच्या चाकाचे माप एकच आहे. दुकानातला तरुण मुलगा आग्रहाने साडेतीन इंची टायर दाखवत होता. गाडी भरदार दिसते, सगळे तोच घालतात, असे त्याचे म्हणणे होते. जुन्या बुलेटला जाड टायर घालण्याची ही हौस मला मुळीच पटत नाही. मागे साखळीच्या झाकणाशी जागा आधीच बेताची असते. शिवाय अठरा अश्वशक्तीच्या आसपासचे हे इंजिन आणि त्याची अरुंद रिम ज्या टायरसाठी घडवली, त्याच टायरवर गाडी वळणात सहज कलते. जाड टायर अरुंद रिमवर चढवला की त्याची पाठ अधिक गोल होते आणि रस्त्याला टेकणारा पट्टा अपेक्षेइतका वाढतही नाही. मी मूळ मापच घेतले. पुढच्या चाकाला सरळ रेघांचा रिब टायर आणि मागे बटण नक्षीचा, ही बाबांची जुनी जोडी मी मोडली नाही. रिब टायर दिशा धरून ठेवतो, बटण टायर जोर रस्त्याला लावतो.

घेण्याआधी मी चार आकडे शोधले. टायर त्याच वर्षीच्या मे महिन्यातला होता. ट्यूबही नवी घेतली, कारण जुनी ट्यूब जुन्या टायरच्या आकाराला ताणलेली असते आणि नव्यात घातली की तिला घड्या पडतात. ट्यूबखालची जुनी रिमपट्टी काढल्यावर चाकाच्या तारांच्या टोकांशी गंज दिसला. तो कारागिराकडून ब्रशने घासून घेतला आणि सैल असलेल्या तीन तारा आवळून घेतल्या. टायर साबणाच्या पाण्याने चढवला. बाणाची दिशा आणि व्हॉल्व्ह सरळ उभा आहे की नाही हे मी स्वतः खाली बसून पाहिले. टायर, ट्यूब आणि मजुरी मिळून सुमारे तीन हजार रुपये झाले. या सहलीतला हाच खर्च मला लक्षात राहिला आहे.

नव्या टायरच्या पृष्ठभागावर साच्यातून येणारा निसरडा थर असतो, तो जाईपर्यंत, म्हणजे पहिले शे-दीडशे किलोमीटर, हात राखूनच चालवावे लागते. गुहागरला जाण्यात आणि तिथे फिरण्यात त्यातले बहुतेक अंतर संपले.

सोमवारी परतताना चाचांच्या दुकानापाशी थांबलो. गुहागरहून त्यांच्यासाठी सुपारी आणली होती. ती त्यांनी नातवाच्या हाती दिली, फडके घेतले आणि काही न बोलता मागच्या चाकाशी बसून आकडे वाचले. मान हलवली. मग उठून पुढच्या चाकाशी गेले, तिथली कड पुसली आणि माझ्या मुलीला म्हणाले, “हा तू वाच.” तिने वाचले. चार, शून्य, एक, सहा.

त्या दिवशी पाऊस नव्हता. घाट आम्ही दोघींनी सावकाश चढून पार केला. साताऱ्याला पोहोचल्यावर पुढच्याच रविवारी तोही टायर बदलला आणि दोन्ही जुन्या टायरांच्या कुशी करवतीने कापून टाकल्या, म्हणजे ते आणखी कोणाच्या गाडीला लागणार नाहीत.