पोयाची नोंदवही: नर मिळेपर्यंत नाव अर्धंच

मागच्या नोंदीत आमच्या वाड्यातल्या पोयांना, म्हणजे बारक्या बिनकाट्याच्या मधमाश्यांना, मी सरळ 'ट्रायगोना इरिडिपेनिस' म्हणून मोकळी झाले होते. ते नाव वहीत खोडलंय. वंश टेट्रागोनुला लिहायला हवा. हा गट ब्राझीलचे कीटकशास्त्रज्ञ मोउरे यांनी १९६१ मध्ये पाडला. पण खरी अडचण जातीची आहे.

ब्रिटिश कीटकशास्त्रज्ञ फ्रेडरिक स्मिथ यांनी १८५४ मध्ये इरिडिपेनिसचं वर्णन केलं ते सिलोनच्या, म्हणजे आजच्या श्रीलंकेच्या माश्यांवरून. पुढे आपल्याकडे भिंतीत दिसेल त्या बारक्या काळ्या बिनकाट्याच्या माशीला तेच नाव चिकटत गेलं. रुफिकॉर्निस, बेंगालेन्सिस अशा भारतातल्या सख्ख्या जाती आहेतच की! कामकऱ्या (पोळ्यातल्या राबणाऱ्या माद्या) पाहून त्या जाती वेगळ्या करणं फार अवघड. नराची जननेंद्रियं तपासल्यावर कुठे भरवसा येतो.

म्हणून सध्या नराच्या मागावर आहे. पोळं मागच्या काळ्या दगडी भिंतीत, दोन दगडांच्या सांध्यात आहे. तोंडाशी राळ आणि मेणाची नळी, बोटाच्या पेराएवढी, कडेला हात लावला तर चिकटते. आत चार-पाच पहारेकरणी डोकी बाहेर काढून बसलेल्या असतात. खाली पडलेल्या मेलेल्या माश्या रोज सकाळी ओल्या कुंचल्याने उचलते. आतापर्यंत अकरा. पहिल्या तीन उन्हात वाळून कडक झालेल्या, टाचणी लावताना मिशाच (डोक्यावरच्या स्पर्शिका) तुटल्या, तेव्हा फार हळहळ वाटली. आता आधी ओलसर डबीत रात्रभर ठेवते.

उरलेल्या आठही कामकऱ्याच निघाल्या: लांबी चार मिलिमीटरच्या आतच, मागच्या पायावर परागाची टोपली, मिशीला बारा खंड. नराला तेरा असतात आणि टोपली नसते, त्यामुळे हँडलेन्सखाली आधी मिशाच मोजते. मागच्या पंखाच्या पुढच्या कडेला पाच बारीक आकडे (हुक) दिसले, पण त्यावरून जात ठरत नाही.

पोया म्हटलं की सगळे कोकण आणि घाटाकडेच बोट दाखवतात. इथे सोलापुरात, मेच्या उन्हात, ही वसाहत टिकून आहे. दुपारी ये-जा जवळजवळ थांबते आणि सकाळी शेवग्यावर गर्दी असते. बार्शी, अक्कलकोट, पंढरपूरकडे कुणाच्या भिंतीत असल्या तर पोळ्याच्या तोंडाचा फोटो आणि खाली पडलेल्या दोन-चार मेलेल्या माश्या राखून ठेवा. पोळ्यासमोर माश्यांचा घोळका घिरट्या घालताना दिसला तर लगेच कळवा, त्यात नर असण्याची शक्यता मोठी.

तोवर माझ्या डब्यावर चिठ्ठी एवढीच: 'टेट्रागोनुला, इरिडिपेनिस गट, सोलापूर, कामकरी.'