होयबांचं कडं आणि नामका चू

साहेबाभोवती होयबांचं कडं आपोआप तयार होत नाही. त्याआधी नको ते बोलणारा माणूस बाजूला सारावा लागतो. १९६२च्या चीन युद्धात नेफा म्हणजे आजच्या अरुणाचल प्रदेशातल्या मोहिमेत ही सारासारी तारीखवार दिसते.

ऑक्टोबर १९५९. ईस्टर्न कमांडचे प्रमुख लेफ्टनंट जनरल शंकरराव थोरात, आपले कोल्हापूरचे, यांनी दिल्लीला टिपण पाठवलं: सीमेवर फक्त पहाऱ्याच्या चौक्या ठेवा, खरी लढाई मागे, रसद पोचेल अशा जागी द्या. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांनी ते निकालात काढलं. लष्करप्रमुख थिमय्या यांनी आपल्यानंतर थोरातांचं नाव सुचवलं होतं, पण १९६१मध्ये थापर आले. चीफ ऑफ जनरल स्टाफ, म्हणजे मुख्यालयात मोहिमा आखणारे वरिष्ठ अधिकारी, झाले बी. एम. कौल, ज्यांनी युद्धात साधी बटालियनही चालवलेली नव्हती.

२ नोव्हेंबर १९६१च्या बैठकीत पुढे चौक्या टाकायचं ठरलं. चिनी बळाचा वापर करणार नाहीत, हा आयबी या गुप्तचर खात्याचे प्रमुख मलिक यांचा अंदाज सगळ्यांनाच सोयीचा होता. तरी निर्णयात एक अट होती: चौक्यांच्या मागे भक्कम तळ उभारायचे. डिसेंबरमध्ये लष्करी मुख्यालयाचा हुकूम खाली गेला, त्यात नेमकी हीच अट गळाली. माझ्या मते पराभवाचं मूळ या गळालेल्या वाक्यात आहे.

सप्टेंबर १९६२मध्ये नेफाच्या सीमेवरच्या थागला कड्यावरून चिन्यांना हटवायचा आदेश आला. नेफा ज्यांच्याकडे होतं त्या ३३व्या कोअरचे (अनेक डिव्हिजनचा सैन्यगट) प्रमुख उमराव सिंग यांनी हिशेब मांडला: आधी ५८० टन सामान पुढे पोचवा. रस्ता तवांगपर्यंतच, पुढे पाठीवर नाहीतर विमानातून. या हिशेबात चूक कोणी दाखवली नाही. फक्त नेफा त्यांच्याकडून काढून नव्या चौथ्या कोअरला दिलं, आणि कोअर कौलना!

त्सांगधारची विमानातून सामान टाकायची जागा चिंचोळी, कित्येक गाठोडी दरीत गेली. जवानांच्या अंगावर सुती कपडे, कमरेला माणशी ५० गोळ्या. १० ऑक्टोबरला चिन्यांचा जोर कौलनी स्वतः पाहिला, ते दिल्लीला गेले, पण तिथली ७वी ब्रिगेड थागलाखालच्या नामका चू नदीकाठीच राहिली. १८ तारखेला ते आजारी पडून पुन्हा दिल्लीत, तिथून अंथरुणावरून हुकूम सोडत होते. २० ऑक्टोबरला पहाटे हल्ला झाला आणि दुपार व्हायच्या आत ७वी ब्रिगेड संपली.

पुढे नेहरूंनी थोरातांना बोलावून घेतलं. तोपर्यंत ते निवृत्त झाले होते.